श्वासपटल कोणाच्या खात्यात?

1922 साली फिलाडेल्फियातल्या शेव्हॅलिए जॅक्सन या घशाच्या डॉक्टरांनी एक निबंध छापला. जॅक्सन यांचे नाव होते ते वेगळ्याच कामामुळे. मुलांनी गिळलेल्या सेफ्टी पिना, नाणी, बटणे, खिळे ते दुर्बिणीच्या नळीतून अलगद बाहेर काढत. अशा दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जपून ठेवल्या आणि त्या शहरातल्या म्यूटर संग्रहालयात त्या आजही खणांमध्ये मांडलेल्या आहेत. जिवंत माणसाच्या अन्ननलिकेत इतक्या वेळा डोकावलेला माणूस त्या काळी क्वचितच दुसरा असेल. छातीतून पोटात उतरताना अन्ननलिका श्वासपटलातल्या ज्या फटीतून जाते, तिथे श्वासपटलाचा स्नायू तिला आवळतो, असे त्यांनी या निबंधात मांडले. प्रयोगशाळेतल्या रबरी नळीवर लावतात त्या चिमट्याची उपमा त्यांनी दिली होती. त्यांचा विषय अन्न खाली न उतरण्याचा होता, जठरातले आम्ल वर येण्याचा नव्हता. पण आज छातीतल्या जळजळीवर श्वासाचे व्यायाम सांगणारे फिजिओथेरपिस्ट आणि बरगड्यांखाली बोटे घालून श्वासपटल सैल करणारे ऑस्टिओपॅथ ज्या स्नायूचा हवाला देतात, तो हाच. मधल्या शंभर वर्षांत हा स्नायू वैद्यकाच्या नजरेतून जवळजवळ नाहीसा झाला आणि मग परत सापडला. या येण्याजाण्याची कारणे बहुतेक लोक दोन ठिकाणी शोधतात: औषध कंपन्यांच्या नफ्यात, नाहीतर प्राचीन भारतीय ज्ञानाच्या उपेक्षेत. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. श्वासपटल हरवले ते मुख्यतः रुग्णालयातल्या खात्यांच्या सीमारेषेवर, आणि त्या त्या काळात हाताशी असलेल्या मोजमापाच्या साधनांमुळे.

आधी रचना समजून घ्यायला हवी, कारण वाद तिथूनच सुरू होतो. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा ताणलेला स्नायू. त्याचा बाहेरचा भाग खालच्या बरगड्यांना जोडलेला असतो. मागचा भाग कमरेच्या वरच्या मणक्यांपासून निघतो, आणि त्यातलेच तंतू वर येताना अन्ननलिकेभोवती वेढा घालतात. त्याच उंचीवर अन्ननलिकेच्या स्वतःच्या भिंतीतही एक आवळणारे कडे आहे. म्हणजे जठराच्या तोंडाशी एकात एक अशी दोन कडी आहेत. आतले कडे आतड्याच्या स्नायूसारखे, आपल्या इच्छेबाहेरचे. बाहेरचे कडे दंड-मांडीच्या स्नायूंच्या जातीचे, म्हणजे व्यायामाला दाद देऊ शकेल असे. श्वास आत घेताना छातीतला दाब उतरतो आणि पोटातला चढतो. शांत श्वासात हा फरक पाऱ्याच्या चार-सहा मिलिमीटरचा असतो. दीर्घ श्वास घेताना किंवा ओझे उचलताना तो कितीतरी वाढतो. अशा वेळी जठरातला अन्नरस वर सरकायला हवा. तो एरवी सरकत नाही, कारण ज्या आकुंचनाने हा फरक निर्माण होतो, त्याच आकुंचनाने बाहेरचे कडेही आवळले जाते. श्वासाचा आणि जळजळीचा संबंध इतका सरळ आहे. तो शंभर वर्षे रोजच्या उपचारात का उतरला नाही, हाच प्रश्न आहे.

जठरातल्या रसाने अन्ननलिकेला जखमा होतात, हे जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंके यांनी 1879 मध्येच लिहिले होते. मात्र स्वतंत्र आजार म्हणून त्याची नोंद झाली ती 1935 साली. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या ॲशर विंकेलस्टाइन यांनी पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि अन्ननलिकेच्या या दाहामागे जठररस असावा असे सुचवले. मधल्या काळात क्ष-किरण आले होते. 1926 मध्ये स्वीडनच्या ओके ओकरलुंड यांनी जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या फटीतून छातीत सरकण्याचे, म्हणजे हर्नियाचे, प्रकार फोटोंवरून पाडले. फोटोत आम्ल दिसत नाही, हर्निया दिसतो. म्हणून पुढची पंचवीस वर्षे दोष हर्नियाच्या माथी आला, आणि हर्निया म्हटला की श्वासपटल आलेच. लीड्सचे शल्यविशारद फिलिप ॲलिसन यांनी 1951 मध्ये हा विचार शस्त्रक्रियेपर्यंत नेला. त्यांच्या मते अन्ननलिकेभोवती फिरणारे श्वासपटलाचे तंतू हाच खरा पहारा होता. म्हणून त्यांनी सरकलेले जठर खाली ओढले, फटीचे तंतू टाके घालून जवळ आणले आणि शरीराची मूळ मांडणी परत जुळवली. वैद्यकाच्या इतिहासात श्वासपटलाचा इतका सन्मान पूर्वी कधी झाला नव्हता. तो टिकला मात्र नाही. 1973 साली ॲलिसन यांनी आपल्या वीस वर्षांच्या रुग्णांचा हिशेब स्वतःच छापला, आणि जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये हर्निया किंवा आम्ल वर येणे परतले असल्याचे त्यात दिसले. आपल्याच नावाची शस्त्रक्रिया अपुरी ठरल्याचे आकडे स्वतः जाहीर करणारे शल्यविशारद फार नसतात. त्यांच्या सिद्धान्ताला मात्र या प्रामाणिकपणाची किंमत मोजावी लागली.

तोवर मोजमापाचे साधनही बदलले होते. 1956 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फाइक, कोड आणि श्लेगेल यांनी निरोगी माणसांच्या अन्ननलिकेत बारीक नळ्या घालून दाब मोजला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला कायम चढ्या दाबाचा एक पट्टा आढळला. शवविच्छेदनात न सापडणारे आतले कडे अखेर आकड्यांत सापडले. पुढच्या पिढीचे सगळे लक्ष त्यानेच वेधले. 1971 मध्ये कोहेन आणि हॅरिस यांनी दाखवले की कड्याची ताकद हर्निया असण्या-नसण्यावर अवलंबून दिसत नाही. या एका निबंधाने हर्नियाचे महत्त्व ओसरले, आणि त्याच्याबरोबर श्वासपटलाचेही. हे घडायला नको होते, कारण हर्निया आणि श्वासपटलाचा जोर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण संशोधनात असे होते. साधन जे मोजते ते खरे ठरते, आणि जे मोजत नाही ते विस्मरणात जाते. त्या काळच्या नळ्यांवर श्वासाबरोबर दाबाची रेघ वरखाली होई. ती अनेकांनी अडथळा मानली आणि श्वास सोडल्यानंतरचा स्थिर आकडा तेवढा टिपला. श्वासपटलाचे काम रोज कागदावर उमटत होते आणि रोज वगळले जात होते. त्यातच 1974 मध्ये जॉन्सन आणि डीमीस्टर यांनी अन्ननलिकेत चोवीस तास आम्ल मोजण्याची पद्धत बसवून दिली, आणि आम्ल हा या आजाराचा अधिकृत आकडा बनला.

शस्त्रक्रियेतही हेच झाले. रुडॉल्फ निसेन यांनी 1936 साली इस्तंबूलमध्ये एका रुग्णाचा अन्ननलिकेचा खालचा तुकडा काढून उरलेले टोक जठराच्या भिंतीत गुंडाळून बसवले होते. त्या रुग्णाला पुढे आम्लाचा त्रास झाला नाही. यावरून त्यांनी 1955 मध्ये बाझेलला जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया केली, आणि तीच पुढे जगभर रूढ झाली. (मधल्या काळात न्यूयॉर्कमध्ये याच निसेन यांनी आइन्स्टाइन यांच्या महारोहिणीवरचा फुगवटा सेलोफेनने गुंडाळला होता. गुंडाळण्यावर त्यांची श्रद्धा असावी.) ॲलिसन बिघडलेला पहारा दुरुस्त करू पाहत होते, निसेन यांनी पर्यायी पहारा उभा केला आणि तो अधिक टिकला.

मग औषधे आली. 1976 मध्ये ब्रिटनमध्ये जठरातले आम्ल कमी करणारे सिमेटिडिन बाजारात आले. त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी स्वीडनमधून ओमेप्राझोल आले. भारतात 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, फक्त बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण होते. त्यामुळे इथल्या कंपन्यांना वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवता आले. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीचे ओमेप्राझोल ‘ओमेझ’ या नावाने 1991 मध्ये आले आणि ‘रिकाम्या पोटीची पित्ताची गोळी’ घरोघरच्या औषधांच्या डब्यात जाऊन बसली. मोरावळा, कोकमाचे सरबत, वैद्यांचा सूतशेखर हे सगळे एका पांढऱ्या-गुलाबी कॅप्सूलच्या मागे पडले. यात कंपन्यांचा नफा झाला हे उघडच आहे. पण कंपन्यांनी श्वासपटल दडवले असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. गोळी बाजारात येण्यापूर्वीच पोटविकारतज्ज्ञांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, आणि त्यासाठी त्यांच्याकडे ॲलिसन यांचे वीस वर्षांचे आकडे होते. शिवाय गोळीने काम केले. अन्ननलिकेच्या जखमा भरल्या, आक्रसलेल्या अन्ननलिका वारंवार रुंदावण्याची पाळी येण्याचे प्रमाण घटले. यावर आक्षेप एवढाच आहे की गोळी आम्ल कमी करते, वर येणे कमी करत नाही. 2001 साली वेला आणि सहकाऱ्यांनी आम्ल असो वा नसो, वर येणारा प्रत्येक घोट मोजू शकणाऱ्या तंत्राने हे दाखवून दिले: ओमेप्राझोल घेताना जठरातला अन्नरस जवळपास पूर्वीइतक्याच वेळा वर येत होता, फक्त तो आंबट राहिला नव्हता. ‘जळजळ थांबली, पण घशाशी येतेच’ ही रुग्णांची नेहमीची तक्रार त्यात आकड्यांनी सिद्ध झाली.

आता दुसऱ्या खात्याकडे पाहू. ज्या काळात पोटविकारतज्ज्ञ श्वासपटल विसरले, त्याच काळात दुसरीकडे त्याचे व्यायाम रोज शिकवले जात होते. 1813 साली स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायामाची शाही संस्था काढली. हाताने मर्दन आणि नेमके व्यायाम एकत्र करण्याची युरोपीय परंपरा बरीचशी तिथून निघते. 1930 नंतर लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात दम्याच्या रुग्णांना श्वासपटलाने श्वास घेण्याचे धडे मिळू लागले. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली, तेव्हा पोलिओने लुळी पडलेली मुले हा मोठा प्रश्न होता. पोलिओत श्वासाचे स्नायूही दुबळे होतात, म्हणून श्वासाचे व्यायाम अभ्यासक्रमात आले. 1976 मध्ये लीथ आणि ब्रॅडली यांनी सिद्ध केले की श्वासाच्या स्नायूंची ताकद आणि दम दोन्ही सरावाने वाढतात. यानंतर श्वासाला विरोध करणारी झडप असलेल्या छोट्या उपकरणातून श्वास ओढण्याचा सराव फुप्फुसाच्या रुग्णांसाठी रूढ होत गेला. हे सगळे छातीच्या विभागात. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पोटाच्या विभागात आम्ल मोजले जात होते. श्वासपटल दोन्हींच्या मधली भिंत होते, आणि भिंतीची डागडुजी कोणाच्या खात्यात येते हे ठरलेले नव्हते.

ही दोन्ही खाती एका छपराखाली असलेली एक जागा महाराष्ट्रात होती, म्हणून तिची दखल सविस्तर घ्यायला हवी. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, यांनी बडोद्यात माणिकरावांकडे व्यायाम आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकला. अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचे काम केल्यावर त्यांनी योगाला प्रयोगशाळेत नेले. 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम निघाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचे क्ष-किरण फोटो आणि त्या क्रियांच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणारा दाब, हे त्यांच्या पहिल्यावहिल्या विषयांपैकी होते. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब उणा होतो आणि त्यामुळे पाणी आत ओढले जाते, हे त्यांनी पाऱ्याच्या नळीवर दाखवले, आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. 1924 साली, म्हणजे मेयो क्लिनिकच्या नळ्यांच्या बत्तीस वर्षे आधी, श्वासाच्या क्रियेने पोटातल्या पोकळीच्या दाबात काय फरक पडतो हे लोणावळ्यात मोजले जात होते. पुढे येल विद्यापीठाचे बेहनन इथे येऊन राहिले, 1957 मध्ये अमेरिकेचे वेंगर आणि बागची यंत्रे घेऊन आले. ही परंपरा कथा-कीर्तनातली नव्हे, कागदपत्रांची आहे.

यावरून ‘आम्हाला हे आधीच ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, आणि यामागे नुसता विनय नाही, शरीरशास्त्र आहे. उड्डियानात पूर्ण श्वास सोडून, घसा बंद ठेवून बरगड्या फुलवायच्या असतात. त्यात श्वासपटल आकुंचन पावत नाही, ते सैल राहून वर ओढले जाते. छातीतल्या जळजळीसाठी आज जो सराव शिकवतात, तो नेमका उलटा आहे: श्वास आत घेताना श्वासपटल आवळून खाली नेणे, तेही मंदपणे आणि पुन्हा पुन्हा. जेवल्यावर कोणी उड्डियान करायला घेतले तर जठरातला अन्नरस वर सरकण्याचीच भीती अधिक. परंपरेने ही क्रिया रिकाम्या पोटी सांगितली आहे ती बरीच विचारपूर्वक म्हणायची. माधवनिदानात आम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे, वरच्या वाटेने आणि खालच्या वाटेने जाणारे असे त्याचे दोन भेदही केलेले आहेत. हठप्रदीपिकेत नौलीने मंद अग्नी सुधारतो असे म्हटले आहे. पण आंबट वर येण्याचे कारण एका स्नायूच्या ढिलेपणात शोधून त्याला ताकद देण्याचा विचार या ग्रंथांत माझ्या वाचनात आलेला नाही. कुवलयानंदांचे मोठेपण मला दुसरीकडे दिसते. श्वास आणि पोट ही दोन खाती आहेत हे त्यांनी मानलेच नाही, आणि ज्या गोष्टीवर विश्वास होता तीही मोजून पाहिली. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र निराळा होता. तिथे आतड्याची शुद्धी शोधली जात होती, अन्ननलिकेचा पहारा नव्हे. साधन होते, मोजमाप होते, प्रश्न नव्हता.

श्वासपटल परत आले ते पोटाच्या विभागातून नव्हे, श्वासाच्या अभ्यासातून. 1981 मध्ये ड ट्रॉयर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले की बरगड्यांचा भाग आणि मणक्यांचा भाग हे वस्तुतः दोन स्नायू आहेत आणि त्यांची कामेही वेगळी आहेत. 1985 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत अन्ननलिकेच्या तळाच्या दाबात श्वासपटलाचा वाटा दिसला. नंतर अमेरिकेत रविंदर मित्तल यांनी माणसांमध्ये दाब आणि श्वासपटलाचे विद्युत्-संदेश एकाच वेळी टिपले. दीर्घ श्वासात अन्ननलिकेच्या टोकाचा दाब कित्येक पटींनी चढतो आणि तो चढ श्वासपटलाच्या आकुंचनाबरोबर जातो, हे आता नाकारता येईना. पूर्वी अडथळा म्हणून वगळलेली वरखाली रेघ हाच पुरावा ठरला. आतले कडे शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या माणसांमध्येही त्या जागी दाबाचा पट्टा शिल्लक राहतो, हे 1993 मध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. जॅक्सन यांच्या चिमट्याला इतका थेट साक्षीदार सत्तर वर्षांत मिळाला नव्हता.

एवढे झाल्यावरही उपचारापर्यंत यायला आणखी वीस वर्षे लागली. 2012 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या आंद्रेआस एहरर यांच्या गटाने 19 रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाने चार आठवडे पोटाने श्वास घेण्याचा सराव केला. त्यांच्या अन्ननलिकेत आम्ल असण्याचा वेळ 9.1 टक्क्यांवरून 4.7 टक्क्यांवर आला, दुसऱ्या गटात फरक पडला नाही. नऊ महिन्यांनंतर ज्यांनी सराव चालू ठेवला होता त्यांच्या गोळ्या आठवड्याला 98 मिलिग्रॅमवरून 25 पर्यंत उतरल्या होत्या. ज्यांनी सोडला त्यांचा लाभही गेला. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात 12 रुग्णांनी दोन महिने विरोधी झडपेतून श्वास ओढण्याचा सराव केला, आणि अन्ननलिकेच्या टोकाचा दाब सुधारला.

या पुराव्यावरचे आक्षेप खरे आहेत. पहिला आक्षेप संख्येचा: 19 आणि 12. औषधांच्या चाचण्यांत शेकड्यांनी माणसे असतात. शिवाय खोटी गोळी देता येते, खोटा श्वास देणे कठीण. रुग्णाला आपण काय करतो आहोत हे कळते आणि ‘बरे वाटले’ या उत्तरावर त्याचा परिणाम होतो. म्हणून ग्राझमधल्या सगळ्या आकड्यांपैकी मला विश्वासार्ह वाटतो तो आम्लाचा, कारण अन्ननलिकेत आम्ल मोजणाऱ्या तारेला आशा नसते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. 1980 नंतर ॲडलेडचे जॉन डेंट आणि इतरांनी दाखवले की बहुतेक वेळा आम्ल वर येते ते कडे दुबळे असल्यामुळे नव्हे. कडे मधूनच काही सेकंद आपोआप पूर्ण सैल पडते, विशेषतः जेवल्यावर, जठर फुगल्यावर. आणि त्या क्षणी श्वासपटलाचा तो भागही सैल पडतो, असे खुद्द मित्तल यांच्याच कामातून दिसले. मग स्नायू बळकट करून काय साधणार? फोर्तालेझाच्या गटाने सरावानंतर ही सैल पडण्याची संख्याच घटल्याचे नोंदवले. म्हणजे फायदा निव्वळ ताकदीचा नसेल, मज्जासंस्थेच्या त्या प्रतिक्षिप्त क्रियेवरही परिणाम होत असेल. हे स्पष्टीकरण शक्य आहे, सिद्ध झालेले नाही. तिसरा आक्षेप गायकांचा. श्वासपटलाचा सराव उपयोगी असेल तर ऑपेराच्या गायकांना आम्लाचा त्रास कमी व्हायला हवा. इटलीत 2007 मध्ये समूहगायकांची पाहणी झाली तेव्हा त्यांच्यात तक्रारी इतरांपेक्षा जास्त निघाल्या. मला हा आक्षेप वाटतो तितका घातक वाटत नाही. गाताना पोटाचे स्नायू आवळून श्वास दीर्घकाळ दाबाखाली सोडायचा असतो. त्यात पोटातला दाब चढतो, आणि श्वासपटल सुटत जात असते. शांत बसून श्वास आत घेण्याचा सराव हे वेगळे काम आहे. श्वासाचा कुठलाही व्यायाम पोटाला हितकारक, हा समज मात्र या पाहणीने नक्कीच मोडतो. पोटाला झटके देत करण्याच्या जलद क्रिया जळजळ असलेल्या माणसाने बेधडक सुरू करू नयेत, हेही त्यातूनच येते.

हातांच्या उपचाराचा इतिहास निराळा आणि त्याचे पारडे हलके आहे. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 मध्ये ऑस्टिओपॅथीची घोषणा केली आणि 1892 मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला शाळा काढली. त्यांचा मूळ दावा प्रचंड होता: हाडे-सांधे हाताने जागेवर आणले की रक्त मोकळे वाहते आणि रोग बरा होतो. फ्रान्सच्या झाँ-पिएर बाराल यांनी हा हात सांध्यांवरून पोटातल्या अवयवांवर नेला. आपल्याकडे ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून देणाऱ्या जाणत्या बायका खेडोपाडी होत्या. त्यांचा दावा स्टिल यांच्यापेक्षा लहान होता, इतकेच. 2013 मध्ये ब्राझीलमध्ये श्वासपटलावर हाताने उपचार करून लगेच दाब मोजला तेव्हा तो वाढलेला आढळला, लटक्या उपचाराच्या गटात वाढला नाही. 2019 मध्ये स्पेनमध्ये 30 रुग्णांवर केलेल्या चाचणीत तक्रारी आणि गोळ्या दोन्ही कमी झाल्या. पण एका बैठकीनंतर लगेच मोजलेला दाब महिन्याभराने किती उरतो, हा प्रश्न श्वासाच्या सरावापेक्षा इथे जास्त टोचतो. सराव स्नायूला काम देतो, हात स्नायूला सैल करतो, आणि सैल केलेला स्नायू जास्त चांगला का आवळेल याचे समाधानकारक स्पष्टीकरण मला आढळलेले नाही. आखडलेले श्वासपटल पूर्ण हलत नाही, मोकळे झाले की त्याचा पल्ला वाढतो, असे म्हणतात. ते खरे असेल तर हाताचा उपचार सरावाची पूर्वतयारी ठरेल, पर्याय नव्हे. आणि यातले काहीही अन्ननलिकेला जखमा असलेल्या किंवा तिचे अस्तर बदललेल्या माणसाच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही. ग्राझच्या चाचणीत असे रुग्ण मुळात घेतलेच नव्हते: जखमा नसलेले किंवा भरलेले, मोठा हर्निया नसलेले, एवढेच निवडले होते.

2022 मध्ये अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या आजारावर नवी सल्लावजा टिपणी काढली. तीत श्वासपटलाने श्वास घेण्याचा उल्लेख आहे. तो आला आहे संमोहन, विचार-वर्तन उपचार आणि शिथिलीकरण यांच्या रांगेत, ज्यांची अन्ननलिका अतिसंवेदनशील आहे किंवा लक्ष सतत तिच्याकडेच लागलेले आहे अशा रुग्णांसाठी, आणि ते काम सोपवले आहे वर्तनोपचार करणाऱ्यांकडे. ग्राझ आणि फोर्तालेझामध्ये स्नायू म्हणून मोजलेल्या श्वासपटलाला पोटाच्या विभागाने आता दार उघडले आहे, पण नोंद केली आहे ती मनाच्या खात्यात.